उचल, आश्रय आणि वाटा : हस्तव्यवसायांतील गुंतवणुकीचा इतिहास आणि भारतीय भाषांतील त्याचे आकलन

१. प्रश्नाची मांडणी

पारंपरिक हस्तव्यवसायांत भांडवल यावे, हा विचार आपल्याकडे गेली दीडशे वर्षे निरनिराळ्या शब्दांत मांडला जात आहे. देशी वस्तूंच्या पुरस्कर्त्यांनी तो मांडला, चरखा संघाने मांडला, स्वातंत्र्यानंतर शासनाने मंडळे व विक्रीकेंद्रे उभारून मांडला. मांडणीचा सूर बहुधा एकच राहिला आहे : कारागिरापाशी कौशल्य आहे, पैसा नाही, पैसा मिळाला की कला टिकेल. या विधानाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र इतिहासाच्या कसोटीवर जसाच्या तसा उतरत नाही. अठराव्या शतकातील बंगालच्या विणकराला पैसा मिळत होता. तो नाकारण्याची सोय नव्हती, हेच त्याचे दुःख होते.

तेव्हा पैसा आला की नाही, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. तो कोणत्या नात्याने आला आणि तयार झालेला माल विकला गेला नाही तर ते नुकसान कोणाच्या अंगावर पडत होते, असे विचारावे लागते. प्रस्तुत निबंधात हा दुसरा प्रश्न मध्यवर्ती मानला आहे. त्याचा माग घेताना अर्थशास्त्रीय साधनांबरोबर बंगाली, मराठी व हिंदी या भाषांतील लेखनाचा आधार घेतला आहे. कारण या व्यवहाराचे जे अंग हिशेबाच्या वहीत उमटत नाही, ते पुष्कळदा कथेत, आत्मकथनात आणि खुद्द भाषेच्या शब्दसंग्रहात नोंदले गेलेले असते.

शब्दांपासूनच आरंभ करणे उचित ठरेल. ‘भांडवल’ या मराठी शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘भाण्ड’ आहे. त्याचा अर्थ पात्र असा, तसाच विक्रीचा माल असाही होतो. बंगालीतील ‘दादन’ हा शब्द फारसीतून आला; मूळ अर्थ ‘देणे’. बंगालीत तो आगाऊ दिलेल्या रकमेसाठी रूढ झाला. याच रकमेला मराठीत ‘उचल’ म्हणतात. एकाच व्यवहाराकडे एक भाषा देणाऱ्याच्या बाजूने पाहते, तर दुसरी घेणाऱ्याच्या. आणि ‘गुंतवणूक’ या शब्दात ‘गुंतणे’ हे क्रियापद आहे. पैसा घालणारा स्वतः त्या कामाच्या बऱ्यावाईटात अडकतो, असे हा शब्द सुचवितो. या अर्थाने पाहता, कारागिरीच्या इतिहासात उचल देणारे पुष्कळ झाले, गुंतणारे थोडे.

२. दादन : न नाकारता येणारा पैसा

ईस्ट इंडिया कंपनी बंगालमध्ये कापडाची खरेदी प्रथम दादनी व्यापाऱ्यांमार्फत करीत असे. कंपनी या व्यापाऱ्यांना आगाऊ रक्कम देई, ते ती विणकरांपर्यंत पोचवीत आणि ठरल्या मुदतीत कापड गोळा करून देत. या साखळीतील व्यापारी हा काही प्रमाणात जोखीम उचलणारा घटक होता. माल आला नाही तर कंपनीला उत्तर त्याला द्यावे लागे. १७५३ मध्ये कंपनीने ही पद्धत बंद केली आणि आपल्या पगारी गुमास्त्यांमार्फत खरेदी सुरू केली. १७५७ नंतर राजकीय सत्ताही कंपनीच्या हाती आली, तेव्हा गुमास्ता हा खरेदीदार आणि अधिकारी अशा दोन्ही भूमिकांत विणकरापुढे उभा राहिला.

या पद्धतीचे एक प्रत्ययकारी वर्णन विल्यम बोल्ट्स याच्या १७७२ च्या ग्रंथात आढळते. बोल्ट्स हा कंपनीचाच माजी नोकर. कंपनीशी त्याचे वितुष्ट आले होते, हे त्याची साक्ष वाचताना ध्यानात ठेवावे लागते. विणकराने रक्कम घेण्यास नकार दिला तर ती त्याच्या कमरेला बांधून, वर फटके मारून त्याला परत धाडीत, असे तो नोंदवितो. कच्चे रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांनी ही सक्ती टळावी म्हणून स्वतःचे अंगठे तोडून घेतल्याची उदाहरणेही तो सांगतो. रमेशचंद्र दत्त यांनी आपल्या आर्थिक इतिहासात (१९०२) ही साक्ष उद्धृत केली आणि तेथून ती देशी भाषांतील लेखनात पसरली. पुढे लोकस्मृतीत तिचे रूप पालटले. कंपनीने विणकरांचे अंगठे तोडले, अशी कथा रूढ झाली. बोल्ट्सचे मूळ विधान अधिक अस्वस्थ करणारे आहे. ज्या अवयवावर पोट अवलंबून, तोच कारागिराने काढून टाकावा, इतकी ती उचल असह्य झाली होती. भांडवल कारागिरापर्यंत पोचणे आणि कारागीर सुखी होणे या दोन गोष्टींचा अनिवार्य संबंध नाही, याचा याहून ठळक दाखला मिळणे कठीण आहे.

दादनाचे हे नाते कंपनीबरोबर संपले नाही. स्थानिक सावकार व सूतव्यापारी यांच्या हाती ते चालू राहिले. त्याचे मर्म माणिक बंद्योपाध्याय यांच्या १९४० च्या दशकातील ‘शिल्पी’ या कथेत साकारले आहे. सुताच्या टंचाईने गावातील माग बंद पडले आहेत. सूत आहे ते व्यापाऱ्यापाशी, आणि तो ते हलक्या प्रतीचे कापड विणण्याच्या अटीवर देऊ पाहतो. मदन तांती हा नामांकित विणकर ती अट मानीत नाही. एका रात्री त्याच्या मागाचा आवाज ऐकू येतो. मदननेही अखेर मान तुकविली, असे शेजारीपाजारी समजतात. वस्तुतः तो रिकामा माग चालवीत असतो. हातापायांना सवयीचे काम न मिळाल्याने गोळे येत असतात. कथेतील व्यापारी पैसा द्यायला तयार आहे, हे येथे महत्त्वाचे. त्याच्या पैशाने माग चालला असता, पोट भरले असते. पण काय विणायचे हे ठरविण्याचा अधिकार विणकराकडून गेला असता. उचल घेताना केवळ भविष्यातील श्रम गहाण पडत नाहीत, कारागिराची निवडही गहाण पडते, हे आकलन अर्थशास्त्राच्या परिभाषेत सहसा येत नाही. कथेने ते थेट पकडले आहे.

३. आश्रय आणि बलुते : हमी होती, मान नव्हता

दादनाच्या विरोधात पूर्वीच्या आश्रयव्यवस्थेचे गोडवे गाण्याची प्रथा आपल्या लेखनात आहे. दरबार, देवस्थाने आणि सरदारांचे वाडे उंची मालाला निश्चित गिऱ्हाईक पुरवीत, हे खरे. धनंजयराव गाडगीळ यांनी भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील आपल्या ग्रंथात (१९२४) शहरी हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाची कारणे देताना संस्थानी दरबारांचा अस्त, परकीय सत्तेबरोबर आलेली अभिरुचीतील परिवर्तने आणि यंत्रमालाची स्पर्धा या तिन्हींचा विचार केला. म्हणजे यंत्र येण्याआधीच गिऱ्हाईक हरवू लागले होते. पैठणीसारख्या वस्त्राचे किंवा बिदरीसारख्या धातुकामाचे भवितव्य केवळ मँचेस्टरच्या गिरणीने ठरविले नाही. ज्यांच्या अंगावर आणि बैठकीत या वस्तू शोभत, ती घराणीच खालावली.

खेड्यातील कारागिरांची रचना निराळी होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात सुतार, लोहार, कुंभार, चांभार आदी बलुतेदारांच्या कामाचे व हक्कांचे जे तपशील आहेत, त्यांवरून ही रचना स्पष्ट होते. नगावर मोल न घेता वर्षभराच्या कामाबद्दल सुगीच्या वेळी धान्याचा वाटा घेणे, हे बलुत्याचे स्वरूप. आजच्या परिभाषेत बोलायचे तर माल पडून राहण्याचा धोका येथे जवळजवळ नव्हता. गिऱ्हाईक आधीच ठरलेले होते. पीक बुडाले तर मात्र कुणब्याबरोबर बलुतेदारही उपाशी राहत असे.

पण या व्यवस्थेचा हिशेब एवढ्यावर पुरा होत नाही. काम निवडण्याचे, सोडण्याचे किंवा त्याची किंमत सांगण्याचे स्वातंत्र्य जन्मानेच नाकारलेले होते, आणि ज्यांच्या वाट्याला गावकीची हीन कामे आली त्यांच्या लेखी बलुते हा हक्क नसून अपमान होता. दया पवार यांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हा आत्र्यांच्या ग्रंथातील संज्ञा आतून उलगडली गेली. ‘गावगाडा’ आणि ‘बलुतं’ ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचल्यावाचून ग्रामीण कारागिरीच्या ‘सुवर्णयुगा’विषयी विधान करणे धाडसाचे होईल. पहिल्यात हमी दिसते, तर दुसऱ्यात त्या हमीची किंमत. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) विलायती मालाने देशी विणकरांची केलेली दुर्दशा सांगितली, मात्र ती सांगताना जुन्या समाजरचनेची भलामण केली नाही, ही बाब या संदर्भात मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे.

४. स्वदेशीचे भांडवल कोठे गेले?

लोकहितवादींनी १८४८ पासूनच्या शतपत्रांत देशी माल वापरण्याचा आग्रह धरला होता. गणेश वासुदेव जोशी तथा सार्वजनिक काका यांनी तो आचरणात आणला. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीचा पोशाख करून गेले होते. न्यायमूर्ती रानडे यांनी या भावनेला अर्थशास्त्रीय बैठक दिली. १८९० साली पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेत आणि त्या सुमारास लिहिलेल्या निबंधांत त्यांनी देशातील पतव्यवस्थेच्या दुबळेपणावर बोट ठेवले. भांडवल विखुरलेले आहे, व्याजाचा दर उद्योगाला झेपणारा नाही, म्हणून शासनाने स्वस्त दराने पैसा उभा करून द्यावा, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. तथापि त्यांची दृष्टी मुख्यतः कारखानदारीकडे लागलेली होती. कारागीर हा त्यांच्या विवेचनात संक्रमणातील एक टप्पा म्हणून येतो.

महाराष्ट्रातील पैसा फंडाची कहाणी हीच दिशा दाखविते. अंताजी दामोदर काळे यांनी घरटी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली, टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना सुरू झाला. सामान्य माणसाच्या तुटपुंज्या शिलकीतून उभारलेली ही गुंतवणूक खरोखर अपूर्व होती. पैसा देणाऱ्याला लाभांशाची अपेक्षा नव्हती. देशाच्या कार्यात तो गुंतत होता. मात्र त्या पैशातून उभा राहिला तो नवा कारखाना. कोष्टी, साळी, तांबट, कासार यांच्या जुन्या धंद्यांकडे हा प्रवाह क्वचितच वळला. स्वदेशीच्या घोषणेचा लाभ मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनाही मोठ्या प्रमाणावर झाला.

बंगालमधील स्वदेशीच्या वैचारिक उभारणीत एका मराठी माणसाचा वाटा आहे, आणि मराठी प्रदेशाबाहेरील मराठी भाषकांच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान द्यावे लागते. सखाराम गणेश देउस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये देवघरजवळील, आजच्या झारखंडातील, एका खेड्यात झाला. घरचे मूळ महाराष्ट्राचे, लेखन बंगालीतले. त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ १९०४ साली प्रसिद्ध झाला आणि १९१० मध्ये सरकारने तो जप्त केला. दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त व विल्यम डिग्बी यांची आकडेवारी इंग्रजीच्या कोंडीतून काढून सामान्य बंगाली वाचकाच्या हाती देणे, हे या ग्रंथाचे कार्य. शेतकऱ्यांबरोबर कारागिरांच्या विनाशाची कैफियत त्यात विस्ताराने आली आहे. त्यांचे भाचे बाबूराव विष्णु पराडकर यांनी हा ग्रंथ हिंदीत नेला. पराडकर हे पुढे हिंदी पत्रकारितेचे एक आधारस्तंभ ठरले. मराठी घराण्यातील मामा-भाच्यांच्या हातून इंग्रजीतील अर्थविचार बंगालीत आणि बंगालीतून हिंदीत जातो, हा प्रवास तौलनिक अभ्यासकाला खुणावणारा आहे. देउस्करांनी लुटीचा हिशेब नेमका मांडला. कारागिराकडे परत वळणारा पैसा कोणत्या वाटेने यावा, हा प्रश्न मात्र स्वदेशीच्या वाङ्मयात बहुतांशी अनुत्तरितच राहिला.

रवींद्रनाथ ठाकुरांनी या प्रश्नाला हात घातला. १९०४ च्या ‘स्वदेशी समाज’ या व्याख्यानात त्यांनी राजसत्तेकडे न पाहता समाजाने आपली कामे आपण उचलावीत, अशी भूमिका घेतली. जमीनदारीतील पतिसर येथे त्यांनी १९०५ मध्ये कृषी बँक काढली आणि नोबेल पारितोषिकाची रक्कम पुढे तिच्यात ठेवली. १९२२ मध्ये सुरूल येथे लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साह्याने जे केंद्र सुरू झाले, ते श्रीनिकेतन या नावाने ओळखले गेले. विणकाम, चामड्यावरील नक्षीकाम, लाकूडकाम आदी व्यवसायांचे शिक्षण तेथे देण्यात येऊ लागले. शांतिनिकेतनच्या कलाभवनातील चित्रकार आणि श्रीनिकेतनातील कारागीर यांच्यात देवाणघेवाण व्हावी, हा त्यामागील हेतू होता. येथे गुंतवणूक म्हणजे आकृतिबंध, प्रशिक्षण आणि अभिरुची यांची गुंतवणूक होती. शांतिनिकेतनी चामड्याच्या वस्तूंना पुढे भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. जी वस्तू ‘पारंपरिक’ म्हणून आज ओळखली जाते, ती विसाव्या शतकातील एका जाणीवपूर्वक प्रयत्नाचे फळ आहे. परंपरा ही केवळ जपण्याची वस्तू नसून घडविण्याचीही असते, हे यातून ध्यानी येते.

५. चरखा संघ आणि मजुरीचा प्रश्न

माल पडून राहण्याचा धोका कोणी उचलावा, या प्रश्नाला संघटित उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न अखिल भारत चरखा संघाने केला. १९२५ मध्ये पाटणा येथे त्याची स्थापना झाली. संघ कापूस पुरवी, सूत विकत घेई, विणून घेई आणि भांडारांतून विकी. कातणारीला तिच्या सुताचे पैसे मिळाले की तिचा संबंध संपत असे. खादी खपो न खपो, तो भार संघाचा. संघाच्या पाठीशी वर्गणी, देणग्या आणि खादी वापरण्याचे व्रत घेतलेले गिऱ्हाईक उभे होते. व्रतस्थ गिऱ्हाईक ही या व्यवस्थेची खरी ठेव होती.

तथापि दहा वर्षांच्या अनुभवानंतर एक विसंगती उघड झाली. खादी स्वस्त ठेवण्यासाठी कातणारीची मजुरी अत्यल्प ठेवली जात होती. म्हणजे धोका संघाने उचलला असला, तरी सवलत कातणारी देत होती. १९३५ मध्ये गांधीजींनी आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, असे उद्दिष्ट पुढे ठेवले आणि चरखा संघाने निर्वाहयोग्य मजुरीचे तत्त्व स्वीकारले. आठ आण्यांपर्यंत मजल गेली नाही. परंतु दर वाढले, खादी महागली आणि खप घटण्याची भीती अनेक कार्यकर्त्यांनी बोलून दाखविली. विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडी येथे कताईच्या मजुरीवरच निर्वाह करण्याचा प्रयोग केला, त्याचे मोल येथे कळते. कातणारीला काय मिळते, हे त्यांनी आकड्यांवरून न ठरविता स्वतःच्या अन्नावरून ठरविले. १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली हाच विचार तेलघाणी, हातकागद, मधमाश्या पालन अशा व्यवसायांपर्यंत नेला.

स्वस्त वस्तूची खरी किंमत कोण भरतो, हा या वादातील प्रश्न हस्तव्यवसायांच्या प्रत्येक गुंतवणूकदाराला आजही विचारावा लागतो. गिऱ्हाईक स्वस्ताईचा आग्रह धरते, विक्रेता आपला नफा सोडीत नाही आणि कच्च्या मालाचा भाव कोणाच्या हाती नसतो. उरते ती फक्त मजुरी. तीच कापली जाते.

६. शासन, मंडळ आणि कागद

फाळणीनंतरच्या पुनर्वसनाच्या कामातून कमलादेवी चट्टोपाध्याय यांचे लक्ष सहकार आणि हस्तव्यवसाय यांवर स्थिरावले. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळाची स्थापना झाली. दीर्घकाळ त्या मंडळाच्या अध्यक्षा होत्या. दिल्लीचे सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम १९४८ पासून होते. त्याची व्यवस्था १९५२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने निघालेल्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनकडे आली. निष्णात कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार देण्यास १९६५ मध्ये प्रारंभ झाला. विस्मृतीत जाऊ लागलेल्या कलांचा शोध, नमुन्यांचा संग्रह, विक्रीची व्यवस्था आणि कारागिराचा सन्मान अशी ही चौपदरी योजना होती. एरवी ‘आग्ऱ्याचा संगमरवरी नग’ किंवा ‘मुरादाबादी पितळ’ एवढीच ओळख असलेल्या वस्तूमागचा माणूस नावानिशी पुढे आणणे, ही तिची मोठी कामगिरी.

या धोरणाचा सर्वांत दूरगामी परिणाम बिहारमधील मिथिलेत दिसला. तेथील स्त्रिया विवाहप्रसंगी कोहबराच्या भिंती रंगवीत. १९३४ च्या भूकंपानंतर पडझड झालेल्या घरांतून डब्ल्यू. जी. आर्चर या अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही चित्रे पडली आणि १९४९ मध्ये त्याने ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मुंबईच्या चित्रकाराला मिथिलेस पाठविले. कुलकर्णींनी स्त्रियांना कागद दिला, त्यावर चित्रे काढण्यास उद्युक्त केले आणि ती चित्रे खरेदी करण्याची व्यवस्था झाली. दुष्काळी काम म्हणून रस्ते खोदण्याऐवजी चित्रे काढून घेणे, ही कल्पना आज साधी वाटते. त्या काळी ती धाडसाची होती. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो. एका कागदाने घरातील विधीचे रूपांतर स्त्रीच्या उत्पन्नात झाले. जगदंबा देवी (१९७५), सीता देवी (१९८१), गंगा देवी (१९८४) यांना पद्मश्री मिळाली. कायस्थ व ब्राह्मण स्त्रियांपाठोपाठ दुसाध स्त्रियांनी गोंदणाच्या आकृत्यांतून स्वतःची शैली घडविली. त्या काळी अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रेमंड ओवेन्स यांनी चित्रे विकत घेऊन परदेशात विकण्याचा आणि विक्रीतील नफा चित्रकर्त्रींना परत देण्याचा उपक्रम केला. १९८० पासून तो एका संस्थेच्या रूपाने चालला. चित्राचे पैसे आधी, नफ्यातील हिस्सा नंतर. विकण्याचा धोका खरेदीदाराचा आणि यशाचा वाटा दोघांचा, असे नाते येथे प्रथमच स्पष्ट दिसते.

हेच भास्कर कुलकर्णी पुढे ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील, डहाणू परिसरात वारल्यांच्या पाड्यांवर गेले. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात मांडली गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या दोन प्रयोगांत एक भेद आहे. मिथिलेत भिंतीवरून कागदावर आलेली कला स्त्रियांच्या हाती राहिली. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत; कागद आणि बाजार आल्यावर पुरुष चित्रकार अग्रभागी आले. गुंतवणूक ही तटस्थ नसते. ती ज्या हाती पडते त्या हाताचे बळ वाढविते आणि पुष्कळदा दुसऱ्या हाताकडून काम काढूनही घेते.

७. सहकाराची कागदी छाया

मिथिला आणि डहाणू ही यशाची उदाहरणे. जेथे जुना व्यापारी वर्ग दृढमूल होता तेथे शासनाचा पैसा कारागिरापर्यंत सरळ पोचणे कठीण होते. बनारसच्या साडीविणकरांवरील अब्दुल बिस्मिल्लाह यांची ‘झीनी झीनी बीनी चदरिया’ (१९८६) ही हिंदी कादंबरी या दृष्टीने महत्त्वाचा दस्तऐवज आहे. तिच्यातील मतीन हा विणकर हाजी अमीरुल्ला या गिरस्त्यासाठी विणतो. गिरस्ता रेशीम देतो, विणलेली साडी घेतो आणि विणीतील दोष दाखवून मजुरी कापतो. मतीन इतर विणकरांना गोळा करून सहकारी सोसायटी काढू पाहतो, म्हणजे कर्ज सरळ विणकरांना मिळेल. बँकेत गेल्यावर त्याला कळते की अशी सोसायटी कागदोपत्री अगोदरच अस्तित्वात आहे, तिचे सूत्र हाजीच्या हाती आहे आणि तिच्या सभासदांत खुद्द मतीनचेही नाव आहे.

‘शिल्पी’मधील व्यापारी आणि या कादंबरीतील गिरस्ता यांच्यात चाळीस वर्षांचे अंतर आहे. पहिला आपल्याच पैशाने विणकराला बांधतो. दुसरा विणकराच्या नावाने आलेल्या सार्वजनिक पैशाने. सत्तासंबंध न बदलता केवळ निधी वाढविला तर तो जुन्याच पाटाने वाहतो, हे निरीक्षण अनेक अहवालांत विखुरलेले असेल. कादंबरीने त्याला एका माणसाच्या चेहऱ्याचे रूप दिले. मराठीत असे लेखन अपवादानेच आढळते. इचलकरंजी, मालेगाव, सोलापूर, भिवंडी या वस्त्रोद्योगाच्या गावांचा प्रदीर्घ इतिहास पाहता ही उणीव विचार करायला लावणारी आहे.

सहकाराचे सगळेच प्रयत्न कागदी ठरले, असे मात्र नाही. अहमदाबादेत १९७४ साली ‘सेवा’ संघटनेच्या चार हजार कष्टकरी स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. २००२ मध्ये कंपनी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने उत्पादकांच्या कंपनीस मान्यता मिळाली. त्यानंतर राजस्थानातील ‘रंगसूत्र’सारख्या उपक्रमांत विणकर व भरतकाम करणाऱ्या स्त्रिया स्वतः भागधारक झाल्या. ‘बलुत्या’तील वाटा जन्माने ठरलेला होता, हा वाटा निवडलेला आहे, आणि सोडताही येतो. ‘वाटा’ या जुन्या शब्दाला येथे नवा, सन्मानाचा अर्थ प्राप्त होतो.

८. समारोप

१९९५ च्या हातमाग गणनेत विणकर व संबंधित कामगारांची संख्या सुमारे ६५ लाख होती. २००९-१० मध्ये ती ४३ लाखांवर आणि २०१९-२० मध्ये ३५ लाखांवर आली. शेवटच्या गणनेनुसार सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांहून कमी होते. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये हातमाग मंडळ आणि हस्तकला मंडळ ही दोन्ही सल्लागार मंडळे विसर्जित करण्यात आली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना तारणाविना, पाच टक्के व्याजाने, दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंत कर्ज देण्याची तरतूद आहे. सावकाराच्या दराशी तुलना करता हा मोठाच दिलासा होय. तरीही रचनेच्या दृष्टीने कर्ज ही उचलच असते. हत्यारे येतात, माल तयार होतो. तो खपला नाही तरी हप्ता चुकत नाही. विक्रीकेंद्रांतून ‘माल ठेवून जा, विकल्यावर पैसे नेा’ ही पद्धत जेथे आहे तेथे तर धोका पुन्हा सर्वस्वी कारागिराच्याच शिरावर येतो.

या विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, हस्तव्यवसायांतील गुंतवणुकीचे मूल्यमापन रकमेच्या आकारावरून न करता न विकलेल्या मालाचा भार कोणावर पडतो यावरून केले पाहिजे. आगाऊ मागणी नोंदविणे, माल रोखीने विकत घेणे आणि नफ्यात वाटा देणे, या तीन मार्गांनी हा भार पैसेवाल्याकडे सरकतो. इतिहासात जेथे हे घडले तेथे कारागीर टिकला आणि कलेत नवी भरही पडली. दुसरा निष्कर्ष, हमी आणि स्वातंत्र्य या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाव्या लागतात. दादनाने कारागिराचे स्वातंत्र्य हिरावून घेतले. बलुत्याने हमी दिली, पण मान दिला नाही. खुला बाजार स्वातंत्र्य देतो आणि हमी काढून घेतो. तिसरा निष्कर्ष अभ्यासपद्धतीविषयी आहे. मदन तांतीचा रिकामा माग, मतीनच्या नावावरील परकी सोसायटी आणि दया पवारांनी निवडलेले शीर्षक हे आर्थिक इतिहासाचे अलंकार नव्हेत, ते त्याचे पुरावे आहेत. निरनिराळ्या भाषांतील हे पुरावे एकत्र मांडल्यावरच ‘गुंतवणूक’ या शब्दाचा मूळ अर्थ उजळतो. ज्याचा पैसा गुंतला आहे त्याचे भवितव्यही कारागिराच्या भवितव्याशी गुंतलेले असावे, एवढीच त्या शब्दाची अपेक्षा आहे. धोरणाने ती पुरी करणे अद्याप बाकी आहे.